गायन मंडळ टिकले पाहिजे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



गायन मंडळाचा विषय निघाला की पुष्कळांना तो करमणुकीचा वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या धम्माच्या इतिहासात जिला आपण संगीती म्हणतो, त्या शब्दाचा अर्थच एकत्र गाणे, एकत्र म्हणणे असा आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला भिक्खू जमले आणि त्यांनी बुद्धवचन एका सुरात म्हटले. पुढे कित्येक पिढ्या ते वचन पाठांतराने जिवंत राहिले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत भयंकर दुष्काळ पडला. बसण्याचेही त्राण उरले नाही, तेव्हा भिक्खूंनी वाळूवर आडवे होऊन, डोक्याला डोके लावून पाठ चालू ठेवला, असा उल्लेख अट्ठकथांत येतो. त्याच सुमारास राजा वट्टगामणीच्या काळात आलोकविहारात त्रिपिटक लिहून काढले गेले. सामूहिक कंठ आणि लेखी वही, या दोहोंनी धम्म वाचला. आज आम्हाला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ इथेच आहे.

बाबासाहेबांच्या चळवळीतही हेच घडले. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. साचा तमाशाचा, पण आशय स्वाभिमानाचा. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळ ढोलकीच्या थापेवर पोचली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922-2004) यांना लहानपणी शाळा मिळाली नाही. मोठेपणी अक्षर गिरवून ते लिहावयास शिकले आणि हजारो गीते त्यांनी समाजाला दिली. ती गीते गावोगावच्या गायकांनी वहीत उतरवून घेतली, पाठ केली आणि पुढच्या गावाला दिली. एकटा कवी कितीही मोठा असो, त्याच्यामागे झील धरणारे हजारो कंठ नसतील तर गीत गावाच्या वेशीबाहेर जात नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. पण इथल्या माणसाची कसोटी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. 1948 पर्यंत निजामी राजवट होती. 1972 चा दुष्काळ आला. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांनी प्राण दिला. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत मोर्च्याला निघालेल्या माणसाचा धीर गाण्याने टिकला. भ्यालेल्या वस्तीला भाषणापेक्षा चार जणांच्या आवाजाचा आधार अधिक वाटतो. कारण गाताना माणसाला आपण एकटे नाही हे कळते.

आजचे संकट वेगळे आहे, त्यात घरे जळत नाहीत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघेही जातात. ती माणसे परततात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो आणि 14 एप्रिल दारात असतो. म्हणजे जयंतीच्या तयारीचे नेमके महिने वस्ती अर्धी रिकामी असते. पेटीवाला पुण्याला कंपनीत, ढोलकीवाला टोळीत. मग वर्गणी गोळा होते, भाड्याचा डीजे येतो आणि गाणारा समाज नुसता ऐकणारा होतो. डीजेने आवाज वाढतो, पण एकाही मुलाच्या तोंडी गीत बसत नाही. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे जयंती घरातच साजरी झाली. ज्या घरात गीते पाठ होती, त्या घराला डीजेची उणीव भासली नाही. ही गोष्ट विसरू नये.

मंडळ टिकवायचे तर काय करावे? आमच्या मते चार गोष्टी कराव्यात.

पहिली, मंडळ एका गळ्यावर उभे करू नये. मुख्य गायकाने आपल्या हयातीत किमान दोघांना तयार करावे. पेटी, ढोलकी, खंजिरी यांचेही तसेच. जो शिकवीत नाही तो कितीही गोड गायला तरी मंडळाचा आधार होत नाही.

दुसरी, विहारात गीतांची वही असावी. गीताखाली कवीचे नाव आणि चालीची खूण लिहावी. तिची एक प्रत टोळीबरोबर द्यावी. फडावरच्या कोपीसमोरही संध्याकाळी चार माणसे जमतात. तिथे वंदना आणि गीत होऊ शकते.

तिसरी, सराव जयंतीपुरता ठेवू नये. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्याला जोडून अर्धा तास गायन घ्यावे. त्या काळात माणसे गावात असतात. तेव्हा बसलेली चाल एप्रिलपर्यंत पुरते.

चौथी, हिशेब. मंडळे सुरांपेक्षा पैशांवरून अधिक मोडतात. बिदागी किती आली, वाद्याच्या दुरुस्तीला किती गेली, हे त्याच बैठकीत सर्वांसमोर वाचावे. महिलांना केवळ मागे झील धरण्यास न बसवता पेटी आणि हिशेबाची वही त्यांच्या हाती द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, हिवाळ्यात वस्तीत उरता ते तुम्ही आणि तुमचे आजी-आजोबा. म्हाताऱ्यांच्या तोंडी चाली आहेत, तुमच्या हाती लेखणी आहे. त्यांच्याजवळ बसा, ऐका, लिहा आणि त्यांच्याबरोबर गा. मोबाईलवर ध्वनिमुद्रणही करा, परंतु त्यावर थांबू नका; यंत्रात साठवलेले गीत पाठ झालेले नसते. टोळी परत येईल तेव्हा विहारात गायन चालू असले पाहिजे. आलेल्या माणसाने हातपाय धुवावेत आणि आपल्या जागी बसून झील धरावी, इतके सोपे ते असावे.

बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हणून सांगितले. चार माणसांनी एका तालात गाणे हा त्या संघटनेचा रोजचा सराव आहे. तो खंडित होऊ देऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!