गोड नसलेलं पुरण



दोन वर्षांनी मुलगा दुबईहून सुट्टीवर येणार म्हटल्यावर मी जेवणाचे काय काय बेत केले असतील, ते घरोघरच्या आया जाणतातच. पुरणपोळी झाली, अळूची भाजी झाली, तो आवडीने जेवलाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाला, "आई, एकदा घरी हुम्मुस करू या का?"

खरं सांगते, मला जरा लागलंच. ज्याला साधी हरभऱ्याची उसळ चालत नसे, त्याची जीभ इतकी परकी झाली? पण सुट्टी पंधराच दिवसांची, रुसायला वेळ कुठे? रात्री वाटीभर काबुली चणे भिजत घातले.

हुम्मुस या अरबी शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. पदार्थाचं पूर्ण नाव 'हुम्मुस बि तहिना', म्हणजे तहिना घातलेला हरभरा. आणि तहिना म्हणजे तिळाचं पातळसर वाटण. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, इस्रायल या भागात हा पदार्थ सकाळच्या न्याहारीलाही असतो, आपल्याकडे पोहे असतात तसा. तो नेमका कुणाचा, यावरून भांडणंही आहेत. जानेवारी २०१० मध्ये इस्रायलमधल्या अबू घोष गावात चार टनांहून अधिक हुम्मुस करून विक्रम झाला. लगेच मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलोंचा केला. हाच आकडा का? तर त्यांच्या देशाचं क्षेत्रफळ तेवढे चौरस किलोमीटर!

आमचा विक्रम मात्र वेगळाच होता. पाव चमचा खायचा सोडा घालून मी चणे कुकरला लावले आणि छोल्यांसारख्या चार शिट्ट्या केल्या. मुलाने दाणा चिमटीत धरला. "नाही आई, लोण्यासारखा चुरला पाहिजे." आणखी तीन शिट्ट्या. तोवर मी तीळ चटणीला भाजतो तसे खमंग, तांबूस भाजले. तहिना कडू झालं! दुसऱ्या वेळी पॉलिशचे पांढरे तीळ अर्धी वाटी घेतले आणि रंग बदलायच्या आत उतरवले. मिक्सरमध्ये आधी त्यांचं कूट झालं, मग थांबत थांबत फिरवल्यावर तेल सुटून ते सैल झालं.

चण्यांची सालं काढली की हुम्मुस मऊ होतं. ते काम वेळखाऊ. आम्ही दोघं परात मांडून बसलो आणि तेव्हा तो बोलायला लागला. दुबईला गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्याला ताप आला होता. फोनवर तो मला "सगळं ठीक आहे" म्हणत होता. त्या चार दिवसांत त्याच्या खोलीतला एक पॅलेस्टिनी मुलगा रोज पहाटे कामावर जाण्याआधी हुम्मुस करून ठेवायचा आणि स्वतःच्या हाताने खुबूसचे तुकडे करून द्यायचा. "त्याच्या आईची पद्धत आहे," मुलगा म्हणाला. "त्यालाही घरी जाऊन बरीच वर्षं झालीत."

मी सालं सोलत राहिले. दुसरं काही सुचेना.

मग मिक्सरमध्ये तहिना, दोन लिंबांचा रस, लसणाच्या दोन पाकळ्या आणि मीठ घातलं. थोडं पाणी घालताच सगळ्याचा घट्ट गोळा! मला वाटलं, फसलं. पण इथेच खरी गंमत आहे. घाबरायचं नाही, बर्फाचं पाणी आणखी चमचा चमचा घालत राहायचं. तो गोळा आपोआप सैल, पांढराशुभ्र होतो. मग चणे घालून गुळगुळीत वाटायचं. ऑलिव्हचं तेल मिक्सरमध्ये घालू नका, कधी कधी कडवटपणा येतो. ते वरून सोडायचं.

ताटलीत पसरलेलं हुम्मुस पाहून आमचे हे म्हणाले, "अगं, हे तर गोड नसलेलं पुरण!" शिजवलेली डाळ काय नि चणे काय, वाटण्याची मेहनत तीच. खुबूस नव्हता, म्हणून भाकरी मोडली. एरवी आमच्याकडे प्रत्येकाचं ताट वेगळं. त्या दिवशी तिघांनी एकाच ताटलीतून खाल्लं, कारण हुम्मुस तसंच खातात, असं मुलाचं म्हणणं.

त्याने मित्राला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "आईंना सांग, लिंबू अजून थोडं हवं."

मुलगा परत निघाला तेव्हा मी तिळाच्या लाडवांचे दोन डबे भरले. एक त्याचा. दुसरा त्या मुलाचा, जो माझ्या मुलाच्या उशाशी बसला होता. तीळ त्याच्या ओळखीचे आहेतच, गूळ आमच्याकडचा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)