वळणावरची कटकट

आमच्या बचत गटाची जुनी वॅगनआर तुमच्यापैकी काहीजणींनी बाजारात पाहिली असेल. मसाल्याची पाकिटं तीच पोचवते, तिच्यावरच कर्जाचा हप्ता निघतो. आज तिचीच हकीकत सांगतो.

वळताना पुढच्या चाकातून कट-कट-कट आवाज यायला लागला. गॅरेजवाले दादा वाकून बघत म्हणाले, “एक्सल गेला.” खर्च हजारांत. बैठकीत काहीजणी म्हणाल्या, चालवणारीच्या मानधनातून कापा. तेव्हा ती बोलली, “चाकाच्या आतून काळं ग्रीस उडालंय, हे मी पावसाळ्यातच सांगितलं होतं.” खरंच सांगितलं होतं. आम्ही “असेल काहीतरी” म्हणून पुढच्या विषयाकडे वळलो होतो आणि इतिवृत्तात एक ओळही लिहिली नव्हती.

या गाडीची पुढची चाकं वळतातही आणि गाडी ओढतातही. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा दांडा म्हणजे एक्सल. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, सीव्ही जॉइंट. चाकाकडच्या सांध्यात पोलादी छर्रे खाचांत बसलेले असतात, म्हणून चाक वळलेलं असतानाही ते एकसारख्या गतीने फिरतं. वरून घड्यांचा रबरी बूट, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, माती-पाणी आत शिरतं. जात्यात वाळू पडल्यावर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे! वेळीच गेलो असतो तर बूट आणि ग्रीसवर भागलं असतं. सांधा पार तुटला तर गिअर टाकूनही गाडी जागची हलत नाही.

काम चालू असताना आम्ही तिघी तिथेच बसलो. दादांना ते फारसं रुचलं नाही, पण विचारलं ते सांगितलं. चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल केला. मग गाडी उचलून खाली घोडी लावली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणालाही खाली जाऊ देऊ नका. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं. एक्सल दांड्याला धरून ओढला नाही, पहारीने आतल्या टोकाशी उचकटला, कारण ओढला तर आतला सांधा निखळतो. नवा बसवताना आतलं लॉक ‘टक्’ करून बसलं, मग हलकेच ओढून पाहिलं. ऑइल सील नवं घातलं, मधला नटही नवाच. चाक खाली टेकवून तो टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाला आवळला आणि शेवटी गिअर ऑइल भरलं. हे ऑइल भरायचं राहिलं तर गिअरबॉक्सच जाईल, तेव्हा एवढं तरी स्वतः विचाराच.

खर्च गटाच्या निधीतून दिला, मानधन कापलं नाही. आता बैठकीत ‘गाडी’ हा विषय पहिला असतो आणि लिहिलाही जातो. परवा दुसऱ्या बाजूच्या बुटाला बारीक चीर दिसली. ग्रीस अजून आतच आहे. सोमवारी गाडी गॅरेजला नेतोय.