रस्त्यावरचा तोतया आणि घरातली लाज

(संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या गिरगाव येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कोणी पोलीस अधिकारी नाही, वकील नाही. बँकेच्या काऊंटरवर बसणारा एक कारकून. पण काऊंटरच्या जाळीतून माणसांची सुखदुःखे जितकी दिसतात तितकी क्वचितच कुठून दिसत असतील. पेन्शनचे पैसे घेऊन जाणारे आजोबा, श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले का हे विचारायला चार जिने उतरून आलेली आजी, यांच्याशी आमचा रोजचा संबंध. म्हणून संयोजकांनी जेव्हा ‘ज्येष्ठांची रस्त्यावर होणारी फसवणूक’ हा विषय दिला, तेव्हा आम्ही लगेच होकार दिला.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ‘म्हातारी माणसे भोळी असतात, म्हणून फसतात’ असे सर्रास म्हटले जाते. हे खरे नाही. याचा पुरावा आपल्या गिरगावातच आहे. १९ मार्च १९८७ या दिवशी ऑपेरा हाऊस येथील त्रिभोवनदास भीमजी झवेरी या नामांकित पेढीवर ‘सी.बी.आय.’चा छापा पडला. छापा घालणारे सव्वीस तरुण होते. दोनच दिवस आधी इंग्रजी वर्तमानपत्रात गुप्तचर अधिकारी व सुरक्षा अधिकारी हवेत अशी जाहिरात आली होती. ताज हॉटेलात मुलाखती झाल्या, निवड झाली, आणि आपण सरकारी नोकरीत लागलो असे समजून ही सुशिक्षित पोरे छाप्याला गेली. त्यांचा साहेब मोनसिंग नावाने वावरत होता. त्याने दागिन्यांचे ‘नमुने’ पिशव्यांत भरून घेतले, सर्वांना थांबायला सांगितले आणि तो निघून गेला. लाखोंचा माल गेला. तो माणूस पुढे कधीच सापडला नाही. २०१३ साली आलेला ‘स्पेशल २६’ हा हिंदी चित्रपट याच प्रकरणावरून सुचला होता.

आता विचार करा. पेढीत मालक होते, अनुभवी नोकर होते, फोन होता. सोबत आलेले सव्वीस पदवीधर होते. तरीही ‘साहेब, तुम्ही कोण? खात्री करून घेऊ का?’ हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. मग ठाकूरद्वारच्या नाक्यावर एकट्या गाठलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला मूर्ख ठरवायचा अधिकार आपल्याला आहे काय? तोतया माणसाच्या बुद्धीवर घाला घालत नाही. सरकारी हुकमाला मान तुकवण्याची जी सवय आपल्याला लहानपणापासून लागली आहे, तिच्यावर तो घाला घालतो.

रस्त्यावर आजही हीच युक्ती चालते, फक्त लहान प्रमाणावर. साध्या कपड्यातला, केस बारीक कापलेला माणूस आजीला थांबवतो. ‘माताजी, आगे मर्डर हुआ है, चेकिंग चालू आहे, एवढे सोने घालून कुठे निघालात?’ तेवढ्यात दुसरा एक वाटसरू येतो. त्यालाही दम दिला जातो. तो मुकाट्याने गळ्यातली साखळी काढून देतो, ‘पोलीस’ ती कागदात गुंडाळून त्याला परत करतो. हा वाटसरू त्यांचाच माणूस असतो. त्याचे पाहून आजी बांगड्या काढते. तिचीही पुडी बांधली जाते, पिशवीत नीट ठेवली जाते. घरी जाऊन उघडावी तर आत खडे किंवा खोट्या बांगड्या. सारा प्रकार काही मिनिटांत आटोपतो.

दुसरा प्रकार दयेचा. ‘आमच्या शेठला खूप वर्षांनी मुलगा झाला, ते गरीब बायांना साड्या आणि पैसे वाटत आहेत. पण अंगावर सोने दिसले तर देणार नाहीत, तेवढे मंगळसूत्र काढून पिशवीत ठेवा.’ पिशवीत ठेवायला तेच मदत करतात, आणि तिथेच हातचलाखी होते.

तिसरा प्रकार नोटांच्या पुडक्याचा. एखादा पोरगा रडवेल्या चेहऱ्याने सांगतो की मालकाने पगार बुडवला म्हणून मी ही रक्कम उचलून आणली आहे, ती तुम्ही ठेवा आणि मला गावी जाण्यापुरते काहीतरी द्या. रुमालातल्या पुडक्याला वर एक नोट, खाली एक नोट, मध्ये कापलेले कागद. इथे माणसाच्या मनात थोडा लोभ जागा केला जातो. म्हणूनच यात फसलेला माणूस तक्रार करायला सर्वांत जास्त कचरतो.

चौथा प्रकार आमच्या दारातला. बँकेत पैसे मोजताना कोणीतरी बघत असतो. बाहेर पडल्यावर ‘आजोबा, तुमच्या नोटा पडल्या’ म्हणून दहादहाच्या नोटा दाखवतो. आजोबा वाकले की पिशवी गेली. आतही एखादा सद्गृहस्थ ‘बंडल मोजून देतो’ म्हणून पुढे येतो आणि मोजतामोजता मधल्या नोटा सरकवतो. ए.टी.एम.मध्ये मदत करणारा कार्ड बदलून हातात दुसरेच कार्ड ठेवतो, आणि पिन तर त्याने आधीच पाहिलेला असतो. घरोघरी फिरून भांडी व दागिने चकचकीत करून देणारे आहेतच. ज्या द्रावणात ते बांगडी बुडवतात त्यात सोने विरघळते. बांगडी चकचकीत होते आणि वजनाने कमी होते.

आणि आता तोतया पोलीस फोनमधूनही घरात शिरला आहे. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका, रक्कम या खात्यात पाठवा.’ पंतप्रधानांनाही ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात या प्रकाराविषयी देशाला सावध करावे लागले. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही.

वरवर पाहता हे सगळे प्रकार वेगळे दिसतात, पण तीन गोष्टी प्रत्येकात सापडतील. पहिली घाई. दुसरी, कोणाला विचारू न देणे. तिसरी, वस्तू आपल्या हातातून दुसऱ्याच्या हातात क्षणभर का होईना जाणे. या तिन्हींवर उपायही तीनच आहेत.

घाईवर उपाय म्हणजे थांबणे. ‘मी विचार करून सांगते’ असे म्हणून दोन पावले मागे सरा. खरा पोलीस तेवढ्याने रागावणार नाही.

एकटेपणावर उपाय म्हणजे माणसांत जाणे. समोरच्या दुकानात शिरा, वाण्याला, फुलवाल्याला, केमिस्टला मोठ्याने सांगा, ‘हे गृहस्थ पोलीस आहेत म्हणतात, जरा बघा हो.’ ओळखपत्र मागा, पण नुसत्या ओळखपत्रावर विसंबू नका, तेही खोटे छापता येते. ‘चला, ठाण्यात जाऊन बोलू’ किंवा ‘११२ वर फोन करते’ म्हणा. तोतया तिथून काढता पाय घेईल. कायदाही आपल्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीसाठी राहत्या घराखेरीज दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही. आणि सरकारी नोकर असल्याची बतावणी करणे हा न्याय संहितेच्या कलम २०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

तिसरा नियम सर्वांत सोपा. रस्त्यात अंगावरचा दागिना काढायचा नाही. कोणी कितीही मोठा साहेब असो, दागिने काढून कागदात बांधा असे सांगण्याचे काम पोलिसांचे नाही. पैसे मोजायचे ते काऊंटरसमोरच, शंका आली तर आम्हालाच पुन्हा मोजायला सांगायचे. आम्ही कपाळाला आठ्या घातल्या तरी संकोच करू नका, ते आमचे कामच आहे. आणि कोणी जोर करून हिसकावलेच, तर सोडून द्या. त्याला धरून लोंबकळू नका. सोन्यापेक्षा मांडीचे हाड महाग.

एवढे करूनही फसवणूक झाली तर? पुडी फेकून देऊ नका, तो पुरावा आहे, शक्य तो तिला हातही लावू नका. त्याच दिवशी ठाण्यात जा, कारण दुकानांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. हद्द कोणाची हा प्रश्न तुमचा नाही. नव्या कायद्याने कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. पैसे फोनवरून गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर सांगा, पैसा पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. कार्ड गेले असेल तर आधी बँकेला फोन.

मित्रहो, आता ज्यासाठी आम्ही मुख्यत्वे उभे राहिलो ते सांगतो. काऊंटरवर एक दृश्य आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आई फसली की आठवड्याभरात मुलगा तिला घेऊन बँकेत येतो. ‘खात्यावर माझे नाव घाला, कार्ड माझ्याकडे द्या, हिला काही कळत नाही.’ बाई खाली मान घालून सही करते. जिने चाळीस वर्षे एका खोलीत संसार रेटला, ज्या मुलाच्या फीचे पैसे तिने याच पासबुकात साठवले, तिला आता शंभर रुपयांसाठी हात पसरावा लागतो. बांगड्या तोतयाने नेल्या, पण तिचे स्वातंत्र्य घरच्यांनी काढून घेतले. काही जणी तर घरी सांगतच नाहीत. बांगड्या गहाण ठेवल्या, हरवल्या असे काहीबाही सांगतात. आणि म्हणूनच तोच तोतया पुढच्या आठवड्यात खेतवाडीत किंवा फणसवाडीत दुसरी बाई गाठतो. त्याचा धंदा आपल्या घरातल्या लाजेवर चालतो.

तेव्हा तरुण मंडळींना हात जोडून विनंती आहे. आई घाबरलेली घरी आली तर ‘तुला अक्कल नाही का?’ हे पहिले वाक्य नसावे. पहिले वाक्य असावे, ‘आई, तुला लागले तर नाही ना?’ दुसरे, ‘चल, ठाण्यात जाऊ.’ तिच्या हातचे पासबुक काढून घेऊ नका. एकाच वेळी मोठी रक्कम काढायची गरज पडणार नाही अशी व्यवस्था करून द्या. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने सत्तर वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवा देण्यासंबंधी बँकांना सूचना दिली आहे, तिची चौकशी करा.

एक सावधगिरी मात्र आपल्या समाजाने विशेष बाळगायला हवी. चोरी झाली की लोक ताबडतोब जात, भाषा, धर्म, परप्रांत शोधतात. अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा इंग्रजांनी केला, तो १९५२ साली रद्द झाला, पण मनातून गेला नाही. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून शिक्के मारले गेले त्या आपण तरी दुसऱ्यावर असा शिक्का मारू नये. व्यवहारातही त्याचा उपयोग नाही. मळक्या कपड्यातल्या हमालाला टाळून आपण नेमक्या इस्त्रीच्या शर्टातल्या तोतयावर विश्वास टाकतो.

पूर्वी चाळीच्या गॅलरीत कोणीतरी सतत उभे असायचे. अनोळखी माणूस जिना चढला की ‘कोण पाहिजे?’ असा प्रश्न तीन मजल्यांवरून यायचा. आता चाळी जाऊन टॉवर उभे राहत आहेत, दारे बंद असतात. ती गॅलरी आपल्याला माणसांनी पुन्हा उभी करावी लागेल. आमची सूचना एवढीच. पेन्शनच्या दिवशी दोघादोघांनी बँकेत जावे. एकट्या राहणाऱ्या सभासदांची नावे आपल्या कार्यकर्त्यांनी पोलीस ठाण्यात नोंदवावीत. आणि दर महिन्याच्या सभेत पाच मिनिटे अशी ठेवावीत की ज्यात फसलेल्या माणसाने उठून सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि कोणीही हसू नये.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. ही शिकवण विहारात ऐकायची आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावर विसरायची, असे होता कामा नये. ‘तुम्ही कोण? थांबा, विचारून येते’ असे आमच्या आजीने निर्भयपणे म्हटले, की त्या शिकवणीचे आचरण झाले असे आम्ही समजतो.