व्हाइटफील्डची वसाहत

बंगळूर शहराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरांवर व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. आज त्याचे नाव निघाले की संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. परंतु या गावाचा जन्म नांगरासाठी झाला होता, आणि त्याचे नाव पडले आहे ते डेव्हिड इमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाइट या गृहस्थांवरून.

इंग्रजांनी जगात दोन प्रकारची राज्ये उभारली. १७८८ साली अकरा जहाजांतून सातशेहून अधिक कैदी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले. पुढे मेंढपाळ आले, शेतकरी आले, आणि मूळ रहिवाशांची भूमी बघता बघता परक्यांची मायभूमी होऊन बसली. हिंदुस्थानात असे घडले नाही. येथील जमीन पिढ्यान्पिढ्या कसली जात होती. शिवाय, आपल्या व्यापाराला वाटेकरी नकोत म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच इंग्रजांना येथे मोकळेपणी येऊ देत नसे. १८३३ च्या सनदी कायद्याने ही आडकाठी दूर झाली. तरी इंग्रज येथे नोकरीपुरता राहिला आणि निवृत्त होताच बहुधा मायदेशी परतला.

तो परतला; मागे राहिली ती त्याची मिश्र संतती. त्या काळी या समाजाला युरेशियन म्हणत. कंपनीने १७९१ पासून आपल्या मुलकी व लष्करी अधिकाराच्या जागा त्यांना बंद केल्या. १७९५ साली तर सैन्यात बाजेवाले आणि नालबंद यांच्यापलीकडे त्यांना फारसे स्थान उरले नाही. पुढे रेल्वे, तारखाते, जकात यांतील दुय्यम नोकऱ्यांनी त्यांना आधार दिला. पण हिंदी तरुण इंग्रजी शिकून पुढे येऊ लागताच तोही डळमळू लागला. बापाचे घर परके आणि आईचे घर विसरलेले, अशी या समाजाची अवस्था होती.

नोकरीच्या भाकरीवर समाज टिकत नाही, त्याच्या पायाखाली स्वतःची जमीन हवी, हा व्हाइट यांचा विचार या अवस्थेतून निघाला. बंगळूर त्यासाठी सोयीचे होते. १८०९ साली येथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरच्या या थंड हवेत निवृत्त युरोपीय आणि युरेशियन कुटुंबे स्थिरावली होती. १८८१ साली इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत सोपविले, आणि लगेच १८८२ साली महाराज चामराजेंद्र वडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन संस्थेला शेतीच्या वसाहतीसाठी तीन हजार नऊशे एकर जमीन दिली. यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी न विचारता जमीन घेतली. येथे गोऱ्यांनीच दूर लोटलेल्या त्यांच्या वंशजांना एका हिंदी राजाने ती देऊ केली.

गावाची आखणी वर्तुळाकार झाली. मध्यभागी मोकळे मैदान आणि भोवती घरे. ते ‘इनर सर्कल’ आजही त्या नावाने ओळखले जाते. परंतु जमीन मिळाली म्हणजे शेतकरी होतो असे नाही. तो मुलूख नाचणीचा. जवळ मोठी नदी नाही, सारी भिस्त पाऊस, तलाव आणि विहिरी यांवर. कचेरीत वाढलेल्या हातांना ती माती परकी होती. तरुणांना जवळच्या कोलारच्या सोन्याच्या खाणी आणि रेल्वेची नोकरी खुणावीत होती. शेतकऱ्यांची म्हणून योजलेली वसाहत हळूहळू निवृत्तांच्या टुमदार बंगल्यांचे खेडे बनली. १९३३ साली छोटा नागपूरच्या पठारावर मॅक्लस्कीगंज वसले, तेव्हा तेथेही बव्हंशी हीच कथा घडली.

१९४७ नंतर या समाजातील अनेक कुटुंबांनी इंग्लंडची वाट धरली. ऑस्ट्रेलियाने मात्र १९०१ च्या कायद्याने गोरेतरांना दार लावून घेतले होते. १९६६ नंतर ते दार सैल झाले, आणि भारतात वसाहत करू पाहणाऱ्यांचे वंशज त्या जुन्या वसाहतीत स्थलांतरित म्हणून गेले. जे येथेच राहिले त्यांना भारतीय राज्यघटनेने लोकसभेत नामनिर्देशनाने स्थान दिले. ही तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली.

आज व्हाइटफील्डमध्ये जुने बंगले मोजकेच उरले आहेत, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली, मराठी बोलणारीही, माणसे तेथे नोकरीसाठी राहतात. त्यांच्याही मनात तोच जुना प्रश्न आहे : येथे राहावयाचे, की येथले व्हावयाचे? तीन हजार नऊशे एकर एका सनदेने देता आले. पण आपलेपणा कोणत्याही सनदेने देता येत नाही. तो मातीत हात घालून, शेजाऱ्याची भाषा बोलून आणि पुढल्या पिढीला तेथेच राहावेसे वाटेल असे जगूनच मिळवावा लागतो.