घाम सेवेकऱ्यांचा, सत्ता मालकाची

संप म्हटला की कारखान्याचे दार आठवते. जून 2023 मध्ये मात्र संप झाला तो ‘रेडिट’ या अमेरिकी समाजमाध्यमावर, आणि संपकरी पगारी नोकर नव्हते. तेथील हजारो चर्चामंडळे वापरकर्तेच चालवतात. शिवीगाळ रोखणे, खोटा मजकूर काढणे ही कामे ते विनामोबदला करतात.

त्या एप्रिलमध्ये व्यवस्थापनाने बाहेरच्या ॲप्सवर शुल्क बसवण्याचे जाहीर केले. ‘अपोलो’ ॲपच्या निर्मात्याने हिशेब मांडला : वर्षाला सुमारे 2 कोटी डॉलर! अनेक अंध वापरकर्त्यांची भिस्तही अशाच ॲप्सवर होती. निषेध म्हणून 12 जूनपासून आठ हजारांहून अधिक मंडळांनी कवाडे लावून घेतली.

परंतु बहुतेकांनी बंदची मुदत आधीच सांगून टाकली होती : 48 तास! ज्याचा शेवट ठाऊक आहे, त्या लढ्याला सत्ता कशाला भिईल? हेही वादळ ओसरेल, असे मुख्याधिकारी स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना कळवले. बंद लांबवणाऱ्या मंडळचालकांना पदावरून दूर करण्याचे इशारे मिळाले. अंधांना उपयुक्त अशा काही ॲप्सना सवलत मिळाली, हे आंदोलनाचे खरे यश. शुल्क मात्र कायम राहिले. 30 जूनला ‘अपोलो’ बंद पडले.

सेवाभाव थोर खराच. पण वास्तूच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला असतील, तर सेवेकऱ्याचा शब्द उंबऱ्यापाशीच थांबतो. म्हणून सेवेला संघटनेची जोड हवी, आणि संघटनेला मुदतीची नव्हे, निर्धाराची!