दोष सुनेचाच का?



लग्नास चार वर्षे लोटूनही पाळणा हलला नाही, की आपल्या ज्ञातीत सुनेकडे बोट दाखविले जाते. नवस, उपवास व टोमणे तिच्याच वाट्यास येतात. वस्तुतः अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडीलही कारण आढळते.

त्यातील काही कारणे आनुवंशिक होत. शुक्रजंतू शेपटीच्या बळावर पुढे सरतो. त्या शेपटीतील डायनीन नामक प्रथिनाचे सूक्ष्म बाहू नसल्यास तो जागीच खिळतो, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ अफझेलियस यांनी १९७६ साली दाखविले. श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची रचनाही तशीच. म्हणून अशा पुरुषास बहुधा लहानपणापासून सर्दी-खोकला जडलेला असतो. आईबाप स्वतः निरोगी असतात. परंतु दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास तो दोष मुलात प्रकटतो. आईबाप जवळच्या नात्यातील असल्यास हा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याच्या चालीचा म्हणूनच फेरविचार व्हावा.

यात पौरुषास कमीपणा नाही. एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा साधण्याची रीत १९९२ पासून उपलब्ध आहे. तेव्हा आमचे सांगणे इतकेच, की सुनेस नवस बोलावयास धाडण्याआधी मुलाची वीर्यतपासणी करावी. दुसऱ्या लग्नाची भाषा तर घरात निघूच नये.