सणाची रोषणाई, घरातील यंत्रे आणि आकाशातील वीज



नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर हे डोंगर आणि रान यांच्या सान्निध्यातील गाव. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो आणि तेलंगणाची सीमाही तेथून फार दूर नाही. या भागात विजांचा कडकडाट कुणालाही नवा नाही. शेतात, झाडाखाली, गुराढोरांवर वीज कोसळल्याच्या वार्ता दरवर्षी ऐकू येतात आणि त्यापासून जीव कसा वाचवावा याविषयी शासनाकडून वेळोवेळी सूचनाही दिल्या जातात. परंतु याच विजेची एक दुसरी हानी आहे. ती घराच्या आत, भिंतीतील तारांमधून येते. तिचा फारसा गाजावाजा होत नाही. दूरदर्शन संच बंद पडतो, दिव्यांच्या माळा विझतात, शाळेचा संगणक पुन्हा सुरू होत नाही. ‘विजेने गेले’ एवढेच म्हणून लोक गप्प बसतात. ही हानी पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगी आहे.

मराठीत आकाशातील वीज आणि तारेतून येणारी वीज या दोहोंना एकच शब्द आहे आणि शास्त्राच्या दृष्टीनेही तो योग्यच आहे. मेघातील वीज ही विद्युत्‌शक्तीच होय, ही बेंजामिन फ्रँकलिन यांची कल्पना १७५२ साली फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगाने सिद्ध झाली. दोहोंची जात एक असली, तरी दोहोंच्या बळात मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. सर्वसाधारण घरात एका वेळी पाच-दहा अँपिअर प्रवाह वापरला जातो. आकाशातील विजेच्या एका लोळातील प्रवाह सुमारे ३०,००० अँपिअर असतो आणि तिच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. घरातील यंत्रे २३० व्होल्ट दाबासाठी घडविलेली असतात. त्यांच्यावर अकस्मात काही हजार व्होल्टचा दाब आला, तर त्यांची काय अवस्था होईल हे सांगावयास नको.

पूर्वी खेड्यातील घरात विजेच्या वस्तू म्हणजे दोन-चार दिवे आणि फार तर एखादा पंखा. दिव्याच्या गोळ्यातील धातूची तार क्षणिक जादा दाब बरेचदा सोसून जाई. आता परिस्थिती पालटली आहे. गणपतीचे मखर, नवरात्राचा मंडप आणि दिवाळीचा आकाशकंदील यांभोवती एलईडी दिव्यांच्या माळा झळकतात. विजेच्या दिव्यांनी सण सजविण्याची ही रीत जगभर आहे. न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली नाताळच्या झाडावर विजेचे दिवे प्रथम लावले गेले, तेव्हापासून ती पसरत गेली. एलईडी दिवा वीज अत्यंत कमी खातो, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यातील अर्धवाहकाचा थर अतिशय पातळ असतो आणि जादा दाबाच्या एका झटक्याने तो निकामी होतो. माळेत असे अनेक दिवे एकापुढे एक जोडलेले असल्याने एकाचा मार्ग तुटला, की त्या ओळीतील सर्वच विझतात. दूरदर्शन संच, मोबाइलचा चार्जर, संगणक, शीतकपाट यांतील सूक्ष्म मंडलेही तितकीच नाजूक असतात.

अशी हानी होण्यासाठी घरावरच वीज पडावी लागते, ही सार्वत्रिक समजूत बरोबर नाही. घरावर थेट वीज पडण्याचे प्रसंग विरळा. बहुतेक हानी आडमार्गाने होते. त्यातील पहिला मार्ग खांबावरील तारांचा. तारेवर अथवा तिच्या आसपास वीज पडली, की जादा दाबाची लाट तारेतून दोन्ही बाजूंना धावते आणि त्या तारेवरून जोड घेतलेल्या घराघरांत शिरते. विखुरलेल्या वाड्या, वस्त्या आणि तांडे यांना वीज पोहोचविणाऱ्या तारा उघड्यावरून लांबवर गेलेल्या असतात. त्यामुळे एका ठिकाणी पडलेल्या विजेचा प्रसाद अनेकांना मिळतो. दुसरा मार्ग छतावरील छत्रीचा, म्हणजे डिश अँटेनाचा. लोखंडी नळीवर उंच बसविलेली छत्री आणि तिच्यातून थेट संचात उतरणारी केबल ही विजेला आयतीच वाट होते. उंच लोखंडी नळीला टांगलेल्या आकाशकंदिलाचीही तीच गत. तिसरा मार्ग जमिनीचा. वीज जेथे जमिनीत उतरते, तेथील जमिनीचाच विद्युत्‌दाब क्षणभर वाढतो आणि तो अर्थिंगच्या तारेतून घरात चढू शकतो. ज्या यंत्राला दोन बाजूंनी तारा येतात, एक विजेची आणि दुसरी केबलची वा दूरध्वनीची, ते यंत्र या दोन दाबांच्या कात्रीत सापडते. दूरदर्शन संच सर्वांत अधिक जळतात, याचे एक कारण हेच आहे.

संरक्षणाच्या साधनांविषयीही काही गैरसमज रूढ आहेत. घरात फ्यूज अथवा एमसीबी आहे, तेव्हा भीती नाही, असे पुष्कळांना वाटते. परंतु विजेची लाट सेकंदाच्या काही लाखांश ते काही दशसहस्रांश भागात आपले काम करून जाते. फ्यूज वितळण्यास वा एमसीबी पडण्यास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. ती साधने आग आणि अतिभार यांपासून रक्षण करण्यासाठी असतात. त्या कामी ती अत्यावश्यकच आहेत. पण विजेची लाट अडविणे हे त्यांचे काम नव्हे. स्टॅबिलायझरचेही तसेच. बटण बंद केले म्हणजे झाले, हीदेखील अपुरी खबरदारी होय. बटणाने दोहोंपैकी एकच तार तुटते, दुसरी जोडलेलीच राहते. शिवाय बटणातील काही मिलिमीटरांची फट मोठा दाब उडी मारून ओलांडू शकतो. म्हणून पिन सॉकेटमधून प्रत्यक्ष बाहेर काढणे आणि छत्रीची केबलही संचापासून सोडवून दूर ठेवणे, हाच खात्रीचा उपाय आहे. त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

इमारतीवरील तडितरोधकाविषयीही स्पष्टता हवी. उंच टोकदार दांडा, जाड पट्टी आणि जमिनीतील चांगले अर्थिंग अशी ही व्यवस्था इमारतीचे आणि आतील माणसांचे रक्षण करते. शाळा, आरोग्य केंद्र, पाण्याची उंच टाकी अशा ठिकाणी ती असावयास हवी. परंतु तारेवाटे आत शिरणारी लाट तिला थोपविता येत नाही. त्यासाठी मुख्य स्विचजवळ ‘सर्ज प्रोटेक्टर’ नावाचे उपकरण बसवावे लागते. एरवी ते स्वस्थ असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच ते वाट मोकळी करून जादा प्रवाह जमिनीत सोडते. येथेच अर्थिंगचे महत्त्व येते. अर्थिंग नादुरुस्त असेल, तर हे महागडे उपकरण केवळ शोभेचे ठरते. मुरमाड व खडकाळ जमिनीत अर्थिंग मुळातच कमजोर असते आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की आणखी बिघडते. तडितरोधकाच्या अर्थिंगचा रोध १० ओहमहून अधिक नसावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. तो मोजण्याचे यंत्र असते. परवानाधारक वायरमनकडून हे मोजमाप वर्षातून एकदा, चैत्र-वैशाखातच करून घेणे श्रेयस्कर. त्या वेळी जे अर्थिंग नीट ठरेल, ते पावसाळ्यातही नीट राहील.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा काळवेळेचा आहे. मराठवाड्यात विजांचे दोन हंगाम असतात. पहिला एप्रिलपासून जूनपर्यंतचा. तापलेली जमीन आणि समुद्रावरून आलेली दमट हवा यांच्या योगाने दुपारनंतर मेघ उंच चढतात आणि वळिवाबरोबर विजा येतात. दुसरा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, पाऊस परतीच्या वाटेवर असतानाचा. गणेशोत्सवाची अखेर, नवरात्र आणि दिवाळीची सुरुवात या दुसऱ्या हंगामाला येऊन भिडतात. २०१९ साली तर राज्याच्या अनेक भागांत ऐन दिवाळीत पाऊस झाला आणि कापणीला आलेल्या पिकांची धूळधाण उडाली. म्हणजे घरे सर्वांत अधिक दिव्यांनी सजलेली असतात, तेव्हाच आकाशही विजांनी भरलेले असू शकते.

शाळांच्या बाबतीत हा योगायोग अधिकच चिंतेचा आहे. उन्हाळ्याची सुटी आणि दिवाळीची सुटी या दोन्ही नेमक्या विजांच्या हंगामात किंवा त्याच्या आगेमागे येतात. वर्ग कुलूपबंद असतो, गुरुजी गावी गेलेले असतात आणि आत संगणक, भिंतीवरचा मोठा पडदा, ध्वनिक्षेपक हे सर्व सॉकेटला जोडलेलेच राहते. राज्यातील कित्येक जिल्हा परिषद शाळांतील ही साधने लोकवर्गणीतून उभी राहिली आहेत. पालकांनी मजुरीच्या पैशातून दिलेल्या वर्गणीचा संच एका रात्रीत जळाला, तर तो पुन्हा आणणे सोपे नसते. गरीब घरातील मुलाला जगाकडे पाहण्याची जी खिडकी उघडली होती, ती बंद होते. नुकसानीचा खरा आकडा रुपयांत मांडता येत नाही, तो असा. तेव्हा सुटी लागण्याच्या दिवशी शाळेतील प्रत्येक पिन आणि प्रत्येक केबल काढल्याची नोंद मुख्याध्यापकांनी वहीत करावी आणि किल्ली सोपविताना ती वही दाखवावी. एवढी साधी शिस्त पुष्कळ काही वाचवील.

ग्रामपंचायतीलाही करण्यासारखे बरेच आहे. कार्यालयातील संगणक बंद पडला, की दाखले अडतात आणि लांबच्या वस्तीवरून आलेल्या माणसाची मजुरी बुडते. काचतंतूची इंटरनेट जोडणी असेल, तर तो तंतू स्वतः वीज वाहून नेत नाही. मात्र त्याच्या टोकाचे यंत्र विजेवरच चालते, हे विसरू नये. कार्यालय बंद करताना पिना काढण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे नेमून द्यावे. उत्सव मंडळांना मंडपासाठी महावितरणकडून तात्पुरता अधिकृत जोड घेण्यास सांगावे. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज हा २००३ च्या विद्युत कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय अशा जोडाला ना अर्थिंग, ना संरक्षण. मंडपाच्या लोखंडी सांगाड्यावरून माळा नेताना तारेचे जोड उघडे राहू नयेत. जोडात ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक उपकरण असावे. ते विजेच्या लाटेपासून वाचवीत नाही, पण ओल्या मंडपात धक्का बसणाऱ्याचा जीव वाचवू शकते. रोहित्रावरील लाइटनिंग अरेस्टर तुटलेला अथवा सुटलेला दिसल्यास ग्रामपंचायतीने महावितरणला लेखी कळवावे आणि त्याचा पाठपुरावा करावा.

या सर्व खबरदारीत एक मर्यादा मात्र कधीही ओलांडता कामा नये. यंत्र वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. पिना काढावयाच्या त्या ढग भरून येताना, गडगडाट सुरू होण्यापूर्वी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना वीज सुमारे एक किलोमीटर दूर आहे असे समजावे. हे अंतर ३० सेकंदांहून कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आली आहे. त्यानंतर माळा उतरविण्यासाठी गच्चीवर जाऊ नये, छत्रीच्या नळीला हात लावू नये आणि तारेने जोडलेली यंत्रे हाताळू नयेत. संच जळाला तर जळू द्यावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन परिसरातील विजांची आगाऊ सूचना देते. गावातील निदान शिक्षक, सरपंच आणि पोलीस पाटील यांच्या मोबाइलवर ते असावे, आणि सूचना येताच ती मंदिराच्या अथवा पंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून सर्वांना कळविली जावी.

नुकसानभरपाईविषयीही वास्तव जाणून घेतलेले बरे. वीज पडून माणूस दगावल्यास वारसांना शासनाकडून ४ लाख रुपयांची मदत मिळते आणि दगावलेल्या जनावरांसाठीही मदतीची तरतूद आहे. त्यासाठी महसूल यंत्रणेचा पंचनामा वेळेवर व्हावा लागतो. परंतु जळालेल्या दूरदर्शन संचासाठी वा दिव्यांच्या माळांसाठी अशी मदत गृहीत धरता येत नाही. घराच्या विम्यात विजेचा धोका समाविष्ट असतो, तरी विद्युत् उपकरणांबाबतचे अपवाद विम्याच्या कागदात बारकाईने वाचावे लागतात. म्हणून भरपाईच्या आशेपेक्षा खबरदारीवर भिस्त ठेवणेच शहाणपणाचे.

विज्ञानाने खेड्याच्या दारात प्रकाश आणि ज्ञान आणून ठेवले आहे. ते जपण्याची रीत विद्यार्थ्यांनी शाळेत शिकावी आणि घरी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगावी. इस्लापूरसारख्या गावात ढग दाटून येताच एखादी मुलगी उठून संचाची पिन काढू लागली आणि तिला कुणी ‘हे कशाला?’ असे विचारले नाही, तर हे लोकशिक्षण फळाला आले असे म्हणावयास हरकत नाही.